जुनं फर्निचर विलायतेतून नाशिकला आणायचं तर

माझं पहिलं विलायती कपाट गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा दिवस उभं होतं. इंग्लंडहून समुद्रमार्गे न्हावाशेवाला आलं, कसारा घाट चढलं आणि दुसऱ्या मजल्याच्या लिफ्टपाशी येऊन अडलं. लिफ्टचं दार साडेसहा फूट, कपाट सात फूट. जिन्यातून न्यावं तर वळणावर फिरेना. येणारी-जाणारी मंडळी विचारायची, "हे कोणाचं? भंगारात द्यायचंय का?" शेवटी चार माणसं लावून गॅलरीतून दोरानं वर ओढलं. त्या दिवशी दिलेली मजुरी धरली, तर ते कपाट नाशिकला नवं करून घेणं परवडलं असतं.

म्हणून पहिली पायरी परदेशात नाही, घरात आहे. टेप घ्या आणि लिफ्टच्या दाराची उंची-रुंदी, आतली खोली, जिन्याच्या वळणाची मोकळी जागा आणि खोलीच्या दाराची चौकट मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाडा असेल तर आणखी दोन मापं घ्या. एक गल्लीचं, कारण टेम्पो कुठवर येतो आणि हातगाडी कुठून लागते हे आधी कळलेलं बरं. दुसरं जिन्याचं. वाड्यातला जिना बहुधा भिंतीतून जातो आणि वर झडप असते. त्या झडपेतून जे जात नाही ते माडीवर जात नाही, मग ते कितीही देखणं असो. सुटं होणारं फर्निचर बघा. दोन भागांत उचलता येणारी इंग्लिश कपाटं मिळतात, आणि खुंट्या काढल्या की फळी-फळी वेगळी होणारी फ्रेंच कपाटंही मिळतात.

हात कुठे बसवायचा

विमानाचं तिकीट काढण्याआधी एक दिवस मुंबईला चोर बाजारात, मटन स्ट्रीटला घालवा. घेऊ नका, नुसतं बघा. खण ओढा, पाठ बघा, दुकानदाराला प्रश्न विचारा. नजर तयार व्हायला याहून स्वस्त शाळा नाही. तिथेच मनासारखं काही मिळालं तर हा लेख पुढे वाचायची गरजही उरणार नाही.

परदेशातल्या बाजारांपैकी नवख्यानं इंग्लंडपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. भाषेची अडचण नाही आणि कागद वाचता येतात. माझी बहीण नॉटिंगहॅमला असते, तिथून जवळच नेवार्कची जत्रा भरते. वर्षातून सहा वेळा, मोठ्या मैदानावर, अडीच हजारांपर्यंत दुकानं. पहाटे टॉर्च घेऊन फिरणारे व्यापारी दिसले की समजायचं, चांगला माल उजाडण्याआधीच हलतो. लंडनला उतरलात तर केम्प्टन पार्कच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर महिन्याच्या दुसऱ्या आणि शेवटच्या मंगळवारी सकाळी बाजार असतो. पॅरिसला सेंट-वाँचा बाजार शनिवार, रविवार आणि सोमवारी. तो बघायला सुंदर आहे, पण भाव तितकेच सुंदर.

आपल्या फायद्याची एक गोष्ट अशी की गेल्या पंचवीसेक वर्षांत महोगनीचं जड, तपकिरी फर्निचर तिकडे पडत्या भावात गेलंय. तिथल्या तरुण घरांना ते नको असतं. तिथले व्यापारी त्याला 'ब्राऊन फर्निचर' म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. लिलावात मात्र जपून. हातोडा पडला त्या भावावर लिलावघर स्वतःचं कमिशन चढवतं, ते बहुतेक ठिकाणी पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतं, आणि त्या कमिशनवर कर वेगळा. ऑनलाइन बोली लावताना हे आकडे समोर ठेवा, नाहीतर रात्री अकरा वाजता जिंकल्याचा आनंद सकाळी बिल बघून उतरतो.

खण ओढून बघा

बाजारात सोबत टॉर्च, टेप, छोटा आरसा आणि लोहचुंबक ठेवा. बाकी सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी होतं.

समजा समोर चार खणांचं महोगनीचं कपाट आहे. समोरून बघू नका, समोरची बाजू विकायलाच घासलेली असते. वरचा खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपऱ्यातले सांधे, ज्यांना सुतार डोव्हटेल म्हणतात, हाताने कापलेले असतील तर एकसारखे नसतात: एखादा रुंद, एखादा अरुंद, कापताना पटाशीची रेघ जराशी पुढे गेलेली. सगळे सांधे फूटपट्टीने आखल्यासारखे असतील तर ते मशीनचं काम. खणाच्या तळाच्या कडा बघा. शंभर वर्षं खण ओढला-ढकलला असेल तर त्या झिजून गुळगुळीत झालेल्या असतात, आणि आत ज्या पट्टीवरून खण सरकतो तिथे घळ पडलेली असते. खण झिजलेला आणि पट्टी कोरी असेल, तर दोघांचं लग्न नंतर लागलंय. तिकडचे लोकही जोडजाड केलेल्या वस्तूला लग्नच म्हणतात.

आता पाठ. करवतीच्या खुणा सरळ रेषेत असतील तर हाताची करवत. कमानीसारख्या गोल असतील तर चकती करवत, म्हणजे साधारण १९व्या शतकातलं किंवा त्यानंतरचं काम. हँडलच्या आतल्या बाजूला बुजवलेली जास्तीची भोकं दिसली तर हँडल कधीतरी बदललंय. तो मोठा गुन्हा नाही, पण भाव उतरवायला उपयोगी आहे. चुंबक हँडलला चिकटलं तर ते पितळ नाही, वर पितळी मुलामा आहे. स्क्रूची खाच मधोमध नसून एका बाजूला सरकलेली आणि टोक बोथट असेल तर स्क्रू साधारण १८५० आधीचा. टोकदार मशीनचे स्क्रू त्या सुमारास आले. एक स्क्रू काढून दाखवा म्हटलं तर चांगला व्यापारी रागावत नाही.

गोल टेबल असेल तर टेप दोन दिशांनी धरा. लाकूड रेषांच्या आडव्या बाजूने आकसतं, लांबीच्या बाजूने जवळजवळ नाही. त्यामुळे खरंच जुनं गोल टेबल थोडं अंडाकृती झालेलं असतं. पहिल्यांदा हा फरक मोजला तेव्हा मला कोणी गुपित सांगितल्यासारखं वाटलं होतं.

कीड. दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं जुन्या विलायती लाकडात असणारच. घाबरायचं ते भोकांना नाही, भुश्याला. भोकाची कड ताजी, आतलं लाकूड फिकट आणि खाली पिठासारखा भुसा सांडलेला असेल तर कीड जिवंत आहे. मोबाइलच्या टॉर्चने खणाच्या तळाशी बघा, हात फिरवा, बोटाला पीठ लागतंय का ते बघा. असा माल स्वतः खरेदी करून नाशिकला आणणं म्हणजे घरातल्या बाकी लाकडाला पाहुणा आणून देणं.

शंभर वर्षांची रेघ

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात किंवा बुडतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

आपल्या सीमाशुल्काच्या वर्गवारीत शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूचा स्वतंत्र क्रमांक आहे, ९७०६. तो लागला तर वस्तू 'अँटिक' म्हणून येते. तो नाही लागला तर ते साधं वापरलेलं फर्निचर ठरतं, आणि आपल्या आयात धोरणात भांडवली माल सोडून इतर वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर बंधन आहे: परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. म्हणजे १८८०चं कपाट सरळ येतं आणि १९५५ची देखणी डॅनिश सागाची खुर्ची बंदरात अडकते. १९३०च्या आर्ट डेको टेबलाचंही तेच. गंमत म्हणजे डॅनिश लोकांनी सागवान आग्नेय आशियातून नेलं, आणि ते लाकूड परत आशियात यायला परवाना मागतं.

परदेशात दोन वर्षं किंवा जास्त राहून कायमचे परतणाऱ्यांना घरसामान आणण्याची सवलत आहे. मुलगा किंवा सून परत येत असेल तर त्यांचं स्वतःचं वापरलेलं फर्निचर त्या सामानात येऊ शकतं. तुमचं कपाट त्यांच्या नावावर घालायची युक्ती कोणी सुचवली तर हात जोडा.

जीएसटीतही फरक पडतो. शंभर वर्षांपुढच्या वस्तूवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, आधी १२ होता. साध्या लाकडी फर्निचरवर १८. हिशेब असा होतो: कपाट ६०,००० रुपयांचं, जहाजभाडं आणि विमा मिळून ४०,०००. सीमाशुल्काच्या दृष्टीने किंमत ६०,००० नाही, १,००,०००, कारण भाडं आणि विमा त्यात धरतात. मूळ शुल्क १० टक्के धरलं तर १०,०००, त्यावर समाजकल्याण अधिभार शुल्काच्या १० टक्के म्हणजे १,०००. आता झाले १,११,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ५,५५०. एकूण भरणा १६,५५०. शुल्काचे दर अर्थसंकल्पात हलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशीचा दर कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या.

पण ९७०६ मागायचा तर वय सिद्ध करावं लागतं, आणि तुमच्या तोंडी शब्दाला कस्टम्समध्ये किंमत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो: कपाटाबरोबर कागद विकत घ्या. व्यापाऱ्याच्या लेटरहेडवर बिल हवं: नाव, पत्ता, वस्तूचं वर्णन, लाकूड, देश, अंदाजे साल, माप, किंमत, तारीख. 'जुनं कपाट, २०० पाऊंड' एवढ्या चिठ्ठीवर समाधान मानू नका. जत्रेत रोखीने घेताना अशीच चिठ्ठी मिळते, आणि माझी दुसरी खेप तिच्यापायीच अडकली. खणांचं कपाट जुनं होतं, चिठ्ठीत साल नव्हतं. गोदामात नऊ दिवस भाडं चढत राहिलं आणि मी बहिणीला फोन करून म्हणत होतो, "ताई, त्या माणसाला शोध, त्याच्याकडून साल लिहून आण." तिने शोधला. पुढच्या जत्रेत तो त्याच जागी बसलेला होता, तिच्या नशिबाने. नशिबावर कपाट आणू नका. व्यापारी संघटनेचा सदस्य असलेल्या दुकानदाराकडून घेतलं तर वयाचं पत्र सहज मिळतं. ब्रिटिश अँटिक डीलर्स असोसिएशन १९१८पासून आहे, लापाडा ही तिथलीच दुसरी संघटना १९७४पासून. थोडे पैसे जास्त जातात, झोप लागते.

सोबत फोटो काढा: सांधे, पाठ, करवतीच्या खुणा, झिजलेल्या पट्ट्या. एजंटला हेच फोटो कामाला येतात.

स्वतःच्या घरासाठी एखादी वस्तू आणताना आयातदाराचा कोड लागत नाही. चार आणून दोन विकायचा विचार असेल तर लागतो, आणि तसा विचार असेल तर आधीच काढा.

हात लावू नये अशा वस्तू

व्हिक्टोरियन काळातल्या चांगल्या कपाटांना किल्लीच्या भोकाभोवती पांढरट चकती असते. कधी ती हाडाची असते, कधी हस्तिदंताची. हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात; हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या जाळीसारख्या रेषा. इंग्लंडमध्ये हस्तिदंताच्या व्यवहारावर ६ जून २०२२पासून कडक कायदा लागू आहे आणि आपल्याकडे वन्यजीव कायदा आहेच. चकती संशयास्पद वाटली तर ते कपाट तिथेच राहू द्या. कासवाच्या पाठीची सजावट असलेल्या पेट्यांचंही तेच.

शिसवीचं लाकूडही अडचणीचं. शिसवीच्या जातीची बहुतेक झाडं २ जानेवारी २०१७पासून आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीत आहेत, ब्राझीलची शिसवी तर १९९२पासून सर्वात कडक यादीत. जुन्या विलायती शिसवी फर्निचरचं लाकूड बरंचसं ब्राझीलचंच. त्यासाठी वेगळे परवाने लागतात. नवख्याने ओक, महोगनी, अक्रोड, पाइन यांतच राहावं. वाड्यात आजोबांची शिसवी खुर्ची असेल तर तीच पुसून बसा, तोड नाही तिला.

जहाज, खोका, शिक्का

एका वस्तूसाठी अख्खा कंटेनर लागत नाही. इतरांच्या मालाबरोबर जागा घ्यायची, आणि भाडं घनमीटरवर. इथे बहुतेक जण फसतात, कारण ते कपाटाचं माप देतात आणि भाडं लागतं खोक्याचं. १०७ गुणिले ५० गुणिले १०५ सेंटिमीटरचं खणांचं कपाट म्हणजे ०.५६ घनमीटर. लाकडी खोक्यात बसवलं की १२० गुणिले ६५ गुणिले १२०, म्हणजे ०.९४. दीडपटीहून जास्त. बऱ्याच कंपन्या कमीत कमी एक घनमीटरचंच भाडं घेतात, म्हणून खण रिकामे पाठवू नका. नव्या उशा, नवा गालिचा असं काही भरा, फक्त यादीत लिहा.

पूर्वीच्या लोकांना हे गणित कळत होतं. आपल्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवा. तशा खुर्चीची सुरुवात करणाऱ्या थोनेटच्या १८५९च्या खुर्चीचे सहा तुकडे सुटे करून एका घनमीटरच्या पेटीत ३६ खुर्च्या बसायच्या. असल्या खुर्च्या सुट्या होत असतील तर मुद्दाम घ्या, भाड्यात भागतात.

खोक्याच्या लाकडावर गव्हाच्या कणसासारखं चिन्ह आणि 'एचटी' ही अक्षरं असलेला शिक्का हवाच. त्याचा अर्थ लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. शिक्का नसेल तर न्हावाशेवाला वनस्पती संगरोध विभाग, म्हणजे बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून माल तपासणारं खातं, अडवू शकतं. खोका बंद होण्याआधी पॅकरकडून शिक्क्याचा फोटो मागवा. पॉलिशवर प्लॅस्टिक थेट गुंडाळू देऊ नका. आधी कापड किंवा मऊ कागद, मग फुगेवाला प्लॅस्टिक. आत ओलावा शोषणाऱ्या पुड्या.

विमा 'सर्व धोके' लिहिलेला घ्या. 'संपूर्ण नुकसान' एवढाच असेल तर कपाट पुरतं गेलं तरच पैसे मिळतील, पाय मोडला तर नाही.

भाव विचारताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा: यात न्हावाशेवाचे खर्च धरलेत का? समुद्राचं भाडं अनेकदा कमी दाखवतात आणि डिलिव्हरी ऑर्डर, टर्मिनल, गोदाम, खोकं उतरवणं हे सगळं इकडे येऊन उभं राहतं. घरपोच भाव मागा, त्यात काय येत नाही ते लेखी घ्या. इकडचा कस्टम्स एजंट स्वतः निवडा, बोट हलायच्या आधी. बिलाची प्रत, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) आणि वयाचं पत्र त्याला आधी दाखवा. माल आल्यावर कागद दाखवणं म्हणजे लग्नाच्या दिवशी पत्रिका जुळवणं.

वेळ? २०२३च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली. दुकानातून घरापर्यंत अडीच-तीन महिने धरा.

नाशिकला उतरल्यावर

शक्यतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात येईल असं बघा. ओल्या थंड देशातलं लाकूड एप्रिलच्या नाशिकात उतरलं तर चिरतं. माझ्या पहिल्या कपाटाच्या वरच्या फळीला मे महिन्यात पाटीच्या पेन्सिलएवढी भेग पडली, आणि ती पडताना रात्री एकदा टक्‌ असा आवाज आला होता. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे उन्हापासून, एसीपासून लांब, मधल्या खोलीत उभं ठेवा. भिंतीला चिकटवू नका, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीतला ओलावा पाठीला लागतो. पायांखाली तुकडे द्या, वाळवीला फरशीवरून चढायला सोपं नको.

आणि सुताराला आवरा. आमचे सुतारमामा पहिल्याच दिवशी घासकागद घेऊन आले होते. मी म्हटलं, "मामा, घासायचं नाही." त्यांनी फळीची कड बोटाने चाचपली आणि म्हणाले, "भाऊ, ह्याला घासायला उरलंय काय? वरचं पान कागदाएवढं आहे." महोगनीचं ते पातळ पान खरंच मिलिमीटरभर होतं. मेलामाइनची चकचकीत पॉलिश मारली की ते लग्नाच्या हॉलमधल्या सोफ्यासारखं दिसतं आणि त्याची किंमतही तेवढीच राहते. जुनी पॉलिश बऱ्याचदा लाखेची असते. ती लाख बहुधा आपल्याकडूनच तिकडे गेलेली. मऊ कापडाने मेण लावा, पुरे. सांधा सुटला असेल तर सरसच वापरायला सांगा. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणून पुढे कोणालाही पुन्हा दुरुस्ती करता येते. पांढरा गोंद एकदा बसला की सहजासहजी सुटत नाही.

एक शेवटचं. १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर पाठवणं सोपं नाही. उद्या तुमचा मुलगा ती पुण्याला नेईल, लंडनला नाही. म्हणून बिल, वयाचं पत्र, बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला दिलेला आयातीचा कागद) आणि फोटो यांच्या प्रती एका पाकिटात घालून सगळ्यात खालच्या खणाच्या तळाला बाहेरून टाचणीने अडकवा. माझ्या कपाटाच्या त्याच जागी, पाकीट लावताना, फिकट पेन्सिलीत कोणा सुताराने केलेली बेरीज सापडली. त्याने तीन ठिकाणी खोडलंय आणि उत्तर तरीही चुकलेलं आहे.